खालच्या देशाची हरकत

"या घरात साखर म्हणजे नुसती अफवा आहे," कोट कुजबुजला.

"हळू बोल ना. काकू आत आहेत," चष्मेवाली म्हणाली.

काकू आत नव्हत्या. त्या बोळकांडीत, पडद्याला खेटून, बिस्किटांची ताटली धरून उभ्या होत्या आणि कोटाचं कोपर पडद्यातून त्यांच्या ताटलीला लागत होतं.

"आणि फाटकावरची ती लाल रिबीन बघितलीस? मला वाटलं, उद्घाटनच आहे. कात्री कुठाय विचारणार होतो."

"पोस्टमनसाठी आहे ती. तो सारखा शेजारच्या फाटकात शिरतो म्हणे. काकूंनीच सांगितलं मागे."

"लोकांकडे अजून पोस्टमन येतो?"

काकूंनी पडदा सारला. "येतो," त्या म्हणाल्या. "बिस्किटं घ्या. ही गोड आहेत, अफवा नाही."

चष्मेवाली कानापर्यंत लाल झाली. कोट लाजला नाही. लाजणं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. "थँक्यू काकू," म्हणून त्यानं तीन उचलली.

कोट हे नाव काकूंनी ठेवलेलं, अर्थातच मनातल्या मनात. कितीही उकडत असो, हा पोरगा कोट घालूनच यायचा. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता, आशिया कायदा मंडळाचा सरचिटणीस होता आणि आपण पुढे मोठे होणार याची त्याला एवढी खात्री होती, की तो आतापासूनच फोटोसाठी उभं राहिल्यासारखा उभा राही. चष्मेवाली त्याची सहचिटणीस. तिला डोकं होतं, पण ते तिनं कोटाला वापरायला दिलं होतं. तिसरा मानडोल्या. त्याच्या पदाला नाव नव्हतं. कोट बोलायला लागला की हा मान डोलावायला लागे आणि कोट थांबला तरी थोडा वेळ डोलावत राही, पंखा बंद केल्यावर फिरत राहतो तसा.

बाकीची सात-आठ पोरं येऊन-जाऊन असत. त्यांना नाव ठेवण्याइतकं काकूंनी कधी पाहिलं नव्हतं.

एकाआड एक शनिवारी दुपारी हे सगळे घरी येत. "आज आशिया येणार आहे," असं काकू शेजारणीला सांगत, जसं कुणी सांगावं की आज गटार साफ करणारे येणार आहेत. महाविद्यालयात खोल्या नव्हत्या असं नाही. पण तिथे खुर्च्या आपण उचलायच्या असतात, झाल्यावर परत लावायच्या असतात, आणि चहा मिळत नाही. इथे खुर्च्या काकू मांडत, काकूच आवरत. आशियाचे कप सोफ्याच्या हातावर, पुस्तकांवर, एकदा तर सरांच्या चपलेत सापडले होते.

मंडळाच्या कामाला उपक्रम म्हणत. व्याख्यान झालं की फोटो, फोटो झाला की चहा, चहा झाला की आभार. आणि पाहुणा आलाच नाही तर नुसता फोटो, चहा, आभार. एकदा एक निवृत्त वकील बंदरांच्या करारांवर बोलायचं कबूल करून आला आणि तासभर स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलला. मंडळाच्या अंकात 'बंदरांच्या करारांचा मार्मिक वेध' असं छापून आलं. काकूंनी तो अंक मुद्दाम ठेवून दिला होता. मन उदास असलं की त्या तो काढून वाचत.

आशियाच्या भवितव्यावर ज्यांनी या खोलीत घसे कोरडे केले, त्यांतला एक आता म्हाताऱ्यांना मृत्युपत्रं करून देत होता. एक विमा कंपनीत बसून अपघात झालेल्यांना नाही म्हणत होता. एकीनं हॉटेल काढलं होतं आणि तिचं बरं चाललं होतं. तिच्याबद्दल काकूंना आदर होता. आशिया मात्र त्या सगळ्यांच्या आयुष्यात, नोकरीच्या अर्जातली एक ओळ होऊन राहिला होता.

एकच माणूस असा होता, ज्याला हे सगळं खरं वाटत होतं. तो काकूंचा नवरा.

सर तरुणपणी महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हाच त्यांनी हे मंडळ काढलं. "अगं, एवढाले देश, एवढाल्या नद्या, आणि आपल्या पोरांना शेजाऱ्याच्या भिंतीचा दावा सोडून काही माहीत नाही," असं ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. काकूंना वाटलं, नवरा विद्वान आहे. मग आशियाचा नकाशा आला. तो सोफ्याच्या वर, जिथे लग्नाचा फोटो लागायचा होता तिथे लागला. फोटो कपाटाच्या आतल्या दाराला गेला. काकूंना वाटलं, चालायचंच. पुढे वर्षानुवर्षं त्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या, लेक वाढवली, आशियाला चहा पाजला, निवृत्त झाल्या आणि नकाशाच्या एका कोपऱ्याला ओल धरली तेवढा भाग त्यांनी टेपनं चिकटवला.

बोर्डावर बसून त्यांना एक सवय लागली होती. पलीकडच्या माणसाच्या श्वासावरून त्यांना कळे, की आता वाईट बातमी सांगायची आहे. मग त्या म्हणत, "एक मिनिट हं, जोडून देते." बातमी दुसरा कुणीतरी सांगे. लोकांना बोलतं करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, पण अवघड वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आता आली होती, आणि त्यांच्याच्यानं ते होत नव्हतं.

सुरुवात पावापासून झाली. सर कोपऱ्यावर पाव आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. काकू शोधायला निघाल्या तर सर केस कापणाऱ्याच्या खुर्चीत, गळ्याला पांढरं फडकं बांधून बसलेले. चार दिवसांपूर्वीच केस कापले होते. केस कापणारा बापडा हवेतच कात्री चालवत होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. रस्त्यात कुठे वळायचं ते सरांना कळेनासं झालं, की ते ओळखीचं एकच दार धरत आणि आत गेल्यावर 'कशाला आलो' हे सांगता येत नसल्यामुळे खुर्चीत बसत. त्या महिन्यात सर फार टापटीप दिसत होते.

"सर अगदी नीटनेटके आहेत हो," केस कापणारा काकूंना म्हणाला आणि आरशाकडे बघायला लागला.

"हो," काकू म्हणाल्या. "त्यांना आवडतं तसं."

झालं. दोघंही सभ्य.

त्या संध्याकाळी काकूंनी जुन्या भेटवस्तूवरची लाल रिबीन शोधून काढली आणि फाटकाला बांधली. दोन्ही बाजूंना सारखीच करडी फाटकं, सारख्याच पायऱ्या. सरांनी दुसऱ्या दिवशी ती बोटानं चाचपून पाहिली.

"ही काय भानगड?"

"पोस्टमनसाठी. सारखा चुकतो मेला."

सर थोडा वेळ रिबिनीकडे बघत राहिले. "बरं केलंस," ते म्हणाले. "हल्ली चुकतो तो."

लेकीला फोनवर सांगायचा काकूंनी प्रयत्न केला. लेक दुसऱ्या गावी. तिला कामं, तिला दोन मुलं, तिला सासू. "बाबा थकलेत गं आई," ती म्हणाली. "एवढी वर्षं बडबड केलीये, थकणारच."

"थकण्याचं नाही गं."

"मग काय?"

काकू म्हणाल्या, "काही नाही. मुलं काय म्हणतायत?"

एवढ्यावरच राहिलं असतं तर काकूंनी आयुष्यभर रिबिनी बांधल्या असत्या. पण आशियाला परदेशी जायचं होतं.

कुठल्याशा दूरच्या शहरात अशाच सगळ्या मंडळांचा मेळावा भरणार होता. विमान बदलून जायचं, आठवडाभर राहायचं, तिथेही व्याख्यान, फोटो, चहा, आभार. महाविद्यालयाची एकच अट होती. बरोबर कुणीतरी ज्येष्ठ शिक्षक हवा. नोकरीत असलेल्या शिक्षकांनी एकेक करून हात झटकले होते. कुणाची पाठ धरली होती, कुणाच्या घरी लग्न होतं. मग कोटाला सर आठवले. निवृत्त झाले तरी मंडळाचे संस्थापक, मार्गदर्शक, वगैरे. ज्येष्ठ तर एवढे, की याहून ज्येष्ठ माणूस आणायचा तर तो उचलून आणावा लागला असता.

सरांनी माळ्यावरची बॅग काढायला लावली. रोज जेवण झालं की ते ती भरत. तीन शर्ट, आशियावरची दोन जाड पुस्तकं, आणि कपाटातल्या फोटोमागची एक जुनी शिट्टी, कशासाठी देव जाणे. मंगळवारी भरता भरता ते थांबले, हातातला शर्ट तसाच धरून त्यांनी विचारलं, "कोण चाललंय गं?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

"हो, हो. मीच की." आणि हसले. ते हसणं काकूंना त्या शिट्टीहून जास्त टोचलं.

"अहो, झेपेल ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये? पोरं आहेत की बरोबर."

पोरं! काकूंनी कोटाला गेल्या खेपेस पायऱ्यांवर गाठलं होतं. "तिकडे सरांबरोबर कोण असेल?"

"आम्ही सगळे आहोत ना काकू."

"नाही, म्हणजे खोलीत."

"सरांना वेगळी खोली. एवढ्या मोठ्या माणसाला आमच्यात कसं कोंबायचं?"

"ते कधीकधी..." काकू म्हणाल्या. कोट वाट बघत राहिला. त्याचा चेहरा अगदी आज्ञाधारक होता. "कधीकधी त्यांना दिवा लागतो. रात्री."

"दिवा असतो काकू हॉटेलात," कोट म्हणाला.

चष्मेवाली मागे उभी राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होती. काकूंना त्या क्षणी कळलं, की यांना सगळं माहीत आहे. सर कोटाला तीनदा कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याच्या नावानं हाक मारून चुकले होते, आणि कोटानं तिन्ही वेळा "हो सर" म्हणून ओ दिली होती. याला काकू मोठेपणा समजत होत्या. आता कळलं. ती ओ सरांना नव्हती, तिकिटाला होती.

तर असा हा शनिवार. आज वर्षातला मुख्य उपक्रम, नदीचा करार. तो झाला की सर सर्वांसमोर प्रवासाला होकार देणार, कोट तो महाविद्यालयात पोचवणार आणि सोमवारी तिकिटं. लेकीला काकूंनी सकाळीच फोन केला होता. मधल्या दिवसांत डॉक्टरांनीच तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"तू सांग ना गं बाबांना."

"मी? आई, त्यांना किती वाईट वाटेल! तू समोर आहेस, तू सांग."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, हिला माझं सुख बघवत नाही."

"मग डॉक्टरांना सांगायला सांग."

"डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी सांगितलेलं बरं."

काकूंच्या जिभेवर आलं होतं, एक मिनिट हं, जोडून देते. पण जोडायचं कुणाला?

बिस्किटं संपली. सर उठून उभे राहिले, नकाशाकडे पाठ करून. बाहेर ऊन होतं आणि खिडकीतून त्याची एक पट्टी थेट सरांच्या छान कापलेल्या केसांवर पडली होती.

"मित्रहो," सर म्हणाले. "आशिया म्हणजे काय? आशिया म्हणजे एकमेकांचं पाणी पिणाऱ्या, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांची एक लांबलचक चाळ." पोरं हसली. दरवर्षी हसतात. सर पुढे बोलले, छान बोलले, बसले. टाळ्या झाल्या.

मग सरांनी पाण्याचा घोट घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा उठले.

"मित्रहो," सर म्हणाले. "आशिया म्हणजे काय?"

काकू दारात कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पोरांच्या तोंडांकडे पाहिलं. एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. चाळीपाशी पोरं पुन्हा हसली, तेवढीच. मानडोल्यानं त्याच त्याच जागी मान डोलावली. सर बसले तेव्हा कोटानं पुन्हा टाळ्या सुरू केल्या, पहिल्याहून मोठ्या. या सौजन्यापेक्षा कुणीतरी फिसकन हसलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं. हसणाऱ्याला निदान हाकलून देता येतं.

"चला, नदी घेऊया," कोट घड्याळ बघत म्हणाला. "अरे, खालचा देश कुठाय?"

खालचा देश नोकरीच्या मुलाखतीला गेला होता.

ही नदी सरांनीच तरुणपणी रचलेली. खरी नव्हे, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. ती वरच्या देशात उगम पावते, मधल्या देशातून वाहते आणि खालच्या देशात समुद्राला मिळते. तिन्ही देशांनी बसून पाण्याचा करार करायचा. सर अध्यक्ष. सरांच्या काळात यावर पोरं तासन्‌तास भांडत, खुर्च्या सरकवत, एकदा वरचा देश रडत घरी गेला होता. आता करार कोट घरूनच टाइप करून आणी, कारण चर्चेनंतर टाइप करायला वेळ राहत नाही. वरच्या देशाला धरण, मधल्या देशाला वीज, आणि खालचा देश दोघांचे आभार मानतो. दरवर्षी तोच मजकूर. खालचा देश व्हायला कुणीच राजी नसे. फोटोत तो कडेला येई.

"काकू!" कोटानं हाक मारली. "याल का जरा? खालचा देश व्हायचंय. तुम्हाला येतं की."

येत होतं. लेक लहान होती, तेव्हा तिला मांडीवर घेऊन काकूंनी पहिल्यांदा खालचा देश केला होता. पोरगी कराराचा कागद चघळत होती. मग कुणी आलं नाही की काकू. हात पुसायचे, बसायचं, शेवटी हरकत नाही म्हणायचं, सही करायची आणि उठून कप विसळायचे. एवढे करार खऱ्याखुऱ्या राणीनंही केले नसतील.

"ट्रे ठेवते," काकू म्हणाल्या, आणि येऊन तिसऱ्या खुर्चीत बसल्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता. खालच्या देशाला तीच खुर्ची मिळे.

कोट वरचा देश होता. चष्मेवाली मधला. कोटानं धरणावर भाषण केलं. चष्मेवालीनं विजेवर केलं.

"खालच्या देशाच्या भावनांचा आम्ही आदर करतो," कोट म्हणाला, काकूंकडे न बघता. "त्यांच्या वतीनं सगळी काळजी आम्ही घेऊ. आम्ही आहोतच."

आम्ही आहोत ना काकू. तोच सूर, तोच चेहरा.

"तर आता सगळ्यांची संमती गृहीत धरून," कोट कराराचा कागद पुढे सरकवत म्हणाला, "सह्या करूया आणि..."

ठक्‌.

सरांनी लाकडी हातोडा टेबलावर मारला होता. तो हातोडा एका मोडक्या स्टुलाच्या पायातून बनवलेला. मंडळाएवढंच त्याचं वय.

"गृहीत धरायचं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम जुना झाला, वर्गातला. "अध्यक्षानं प्रत्येक देशाला विचारायचं. विचारल्याशिवाय घेतलेली सही ही सही नाही. कुणी काढून टाकला हा नियम?"

"वेळ वाचवायला, सर," मानडोल्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलला असावा, आणि लगेच पस्तावला.

"वरचा देश. हरकत?"

"हरकत नाही," कोट म्हणाला आणि त्यानं मित्रांकडे बघून भुवया उडवल्या.

"मधला देश?"

"हरकत नाही."

"खालचा देश. हरकत?"

काकूंच्या तोंडात शब्द तयार होता. इतक्या वर्षांचा सरावाचा. लग्नाचा फोटो कपाटात गेला, तेव्हा तोच वापरला होता. मंडळासाठी लेकीचा वाढदिवस एकदा पुढे ढकलला, तेव्हाही तोच. त्यांनी समोर पाहिलं. सर त्यांच्याकडेच बघत होते, अध्यक्ष बघतो तसे, वाट बघत. सरांनी उगाच विचारल्यासारखं विचारलं नव्हतं. या खोलीत काकूंना कुणी खरोखरच विचारत होतं.

"खालचा देश?" सरांनी पुन्हा विचारलं. "हरकत?"

"आहे," काकू म्हणाल्या.

कुणीतरी मागे हसलं. कोटही हसला. "काकू, नाही म्हणायचं असतं. म्हणजे, हरकत नाही असं. मग सही, मग फोटो."

"मला माहितीये काय म्हणायचं असतं. हरकत आहे."

"काकू, चहाची वेळ झालीये."

"चहा मीच करते. माझ्याशिवाय त्याची वेळ होत नाही."

ठक्‌. "शांतता. खालचा देश बोलतोय," सर म्हणाले. "हरकत काय आहे?"

काकूंनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. बोर्डावर असत्या तर त्यांनी स्वतःचाच श्वास ऐकून ओळखलं असतं. "वरचा देश म्हणतो, काळजी घेऊ," त्या म्हणाल्या. "पण तो घेणार नाही. त्याला सगळं दिसतंय आणि तरी तो टाळ्या वाजवतोय. दोन-दोनदा वाजवतोय. त्याला फक्त... त्याला फक्त आमचं माणूस बरोबर हवंय, म्हणजे फाटक उघडेल. पुढे त्या माणसाचं काय होईल..." इथे त्या अडल्या. सरांच्या शर्टाची कॉलर सकाळी त्यांनीच नीट केली होती.

कोटाचं हसू गेलं होतं. आता तो पहिल्यांदाच त्याच्या वयाचा दिसत होता. "सर, यात पाण्याबद्दल काहीच नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "नियमाप्रमाणे कारण सांगितलं नाही तर हरकत नोंदवता येत नाही. पुढे जाऊया ना, सर? तुमच्या होकाराचंही राहिलंय."

"कारण आहे," काकू म्हणाल्या. "मला सांगता येत नाही."

चष्मेवालीनं चष्मा काढला. तो पुसायला नव्हे, नुसताच काढला आणि हातात धरून बसली. "काकू बरोबर..." ती म्हणाली, आणि तीही अडली.

आखूड पायाची खुर्ची एकदा कलंडून परत आली. काकूंना वाटलं, आता सर विचारतील, कुठलं माणूस? कसली हरकत? कोण चाललंय? आणि मग ही पोरं पुन्हा सभ्यपणे मान खाली घालतील.

सरांनी हातोडा उचलला. तो त्यांनी आपटला नाही. हातात जरा फिरवून पाहिला, स्टुलाच्या पायाची जुनी खोबण अंगठ्यानं चाचपली, आणि हळूच टेबलावर आडवा ठेवला.

"देशाला सांगवत नसेल तर अध्यक्षानं सांगायचं," ते म्हणाले. "हाही नियम होता. तोही तुम्ही काढला असेल."

असा नियम कधीच नव्हता. काकूंना पक्कं ठाऊक होतं.

सर कोटाकडे वळले. त्याला जुन्या विद्यार्थ्याच्या नावानं हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, थांबले, आणि कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

"फाटकावरची ती रिबीन," ते म्हणाले, "पोस्टमनसाठी नाही बाळा. पोस्टमन कधी चुकला नाही. घर मला सापडत नाही."